खोट्या सुयांचा आराम

थेरगावच्या प्रभावती ओव्हाळला पिंपरीच्या एका कंपनीत विजेच्या मोटारींसाठी तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळायचं काम होतं. दिवसभर मान खाली आणि उजवा हात फिरता. काही वर्षांनी खांदा असा धरला की पदर सारखा करायलाही डावा हात लागे. गोळ्यांनी पोटात आग पडायची, खांदा तसाच. घरी नवरा विलास म्हणायचा, "कामाच्या येळंलाच कसा दुखतो गं तुझा खांदा?" तो हसत म्हणे, पण तिला ते लागे. पुढंपुढं ती दुखतंय हे बोलेनाशीच झाली.

एकोणीसशे ऐंशीचा पावसाळा सरल्यावर चिंचवडच्या एका दवाखान्यात डॉक्टर नीला रानडे खांद्याच्या दुखण्यावर चिनी सुया लावून पाहणार होत्या. प्रभावतीनं नाव दिलं.

"बासष्टला ज्यांच्याशी लढाई झाली, त्यांच्या सुया टोचून घेणार व्हय?" विलास म्हणाला. ती गेलीच.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "काही जणांना नेमक्या जागी सुया लावू, काही जणांना नुसत्या वरवर, भलत्याच जागी. कुणाला कुठल्या, ते शेवटी सांगू. चालेल ना?" प्रभावतीनं मान हलवली. आपल्याला खऱ्याच मिळणार, असं तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं.

सुया लावताना डॉक्टर विचारत, कुठं दुखतं, झोप लागते का, घरी हातभार लावायला कोण आहे. असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. हळूहळू खांदा मोकळा झाला. एके दिवशी कॅन्टीनमध्ये तिनं भरलेली कळशी उजव्या हातानं उचलून फळीवर ठेवली. बाया बघत राहिल्या. त्यानंतर कुणाचं काहीही दुखो, प्रभावतीचा सल्ला एकच असे.

तिच्या शेजारच्या टेबलावर रुक्मिणीबाई मोरे बसायच्या. साताऱ्याकडच्या, विधवा, थेरगावातच भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. त्यांची पाठ बरेच महिने दुखत होती. संध्याकाळी कणकण यायची, पोलकी ढगळ झाली होती. दवाखान्यात त्यांना पाठीचा एक्स-रे फोटो काढायला सांगितलं होतं.

"फोटो काढून पाठ थांबनार हाय का, मावशी?" प्रभावती म्हणाली. "सुया लावा. माझ्याकडं बघा."

नीलाताईंकडे फक्त खांद्याचेच लोक घेत होते. म्हणून प्रभावती रुक्मिणीबाईंना पिंपरीच्या बाजारात चिनी सुयांची पाटी लावून बसलेल्या एका माणसाकडं घेऊन गेली. त्यानं कणकणीचं काही विचारलं नाही. रुक्मिणीबाईंनी फोटोचा विषय सोडून दिला.

"बरं वाटतंय ना, मावशी?"

"तू म्हनतीस तर वाटंल."

होळीच्या आधी नीलाताईंनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. खऱ्या सुयांच्या लोकांना आणि वरवरच्या सुयांच्या लोकांना जवळजवळ सारखाच आराम पडला होता. "एवढ्या थोड्या लोकांवरून ठाम काही म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण सुयांनीच बरं वाटलं, असंही म्हणता येत नाही." मग नावं वाचली. प्रभावती वरवरच्यांत होती.

तिचे कान तापले. बाजूचा एक जण हसला, तो स्वतःवरच हसला असावा, पण तिला वाटलं, आपल्यालाच हसला. ती कुणाशी न बोलता बाहेर पडली. विलासला कळलं तर तो म्हणेल, बघ, दुखतच नव्हतं. कॅन्टीनमधल्या बाया कळशीची नक्कल करतील. तिनं कुणालाच सांगितलं नाही. रुक्मिणीबाई दर आठवड्याला सुया लावून घ्यायला जात होत्या, आणि त्या निघाल्या की प्रभावती मान खाली घालून कॉइलीत लक्ष घाली. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं.

पाडव्यानंतर रुक्मिणीबाई नळावर पडल्या. पायांत जोरच उरला नव्हता. मोठ्या दवाखान्यात नेल्यावर निदान झालं, मणक्याचा क्षय. इंजेक्शनं, गोळ्या आणि महिनोन्‌महिने पाठीवर पडून राहायचं.

प्रभावती नीलाताईंकडं गेली. सगळं सांगून तिनं विचारलं, "बाई, माझं दुखनं खोटं हुतं का?"

"खोटं नव्हतं. आराम पण खरा होता," डॉक्टर म्हणाल्या. "काही दुखणी आपोआप उतरतात, काही कुणी नीट विचारपूस केली की हलकी होतात. म्हणूनच दोन गट करून बघावं लागतं. क्षय मात्र असा उतरत नाही." मग त्या म्हणाल्या, "मी तुला वेगळं बसवून सांगायला हवं होतं. चारचौघांत नाव घ्यायला नको होतं."

पण प्रभावतीला माहीत होतं, गप्प बसलो ते आपणच.

ती रुक्मिणीबाईंच्या खाटेशी बसली. "मावशी, माझ्या सुया खोट्या हुत्या. नुसत्या वरवर टोचल्या हुत्या."

"कधी कळलं तुला?"

"होळीच्या आधी."

रुक्मिणीबाईंनी तोंड भिंतीकडं वळवलं. भेटीची वेळ संपली तरी प्रभावतीला उठवेना.

त्या संध्याकाळी तिनं विलासला सांगितलं. तो हसायला लागला, तिचा चेहरा बघून थांबला. दुसऱ्या दिवशी सायकलीवरून रुक्मिणीबाईंचा डबा त्यानंच पोहोचवला. पुढं शिफ्ट सुटली की प्रभावती जायची, अंग पुसायची, कपडे धुवून आणायची. रुक्मिणीबाई करू द्यायच्या, पण बोलणं गरजेपुरतंच. थंडीत तिचा खांदा परत धरला. तिनं ते त्यांना कळू दिलं नाही.

वर्षभरानं रुक्मिणीबाई काठी घेऊन कामावर आल्या. डावा पाय थोडा ओढत होता. जेवणाच्या सुट्टीत एका नव्या बाईनं प्रभावतीला विचारलं, "तुमाला सुयांनी लई गुण आला म्हनं?"

सगळ्या टेबलांवर बाया होत्या. प्रभावतीनं हातातला घास खाली ठेवला.

"आराम पडला," ती म्हणाली, "पण सुया खोट्या हुत्या. ते कळल्यावर मी लाजंपायी गप बसले, आन्‌ मावशी तिकडं जातच राहिल्या. पाठ दुखत आसंल तर फोटो काढा. माझं ऐकू नका."

रुक्मिणीबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि आपल्या डब्याचं झाकण काढलं.

"जेव आता," त्या म्हणाल्या. "भोंगा व्हईल."