विभागून नावाचा माणूस

परवाच्या रविवारी आमच्या कोल्हापुरातल्या घरात स्वयंपाकाला एक भांडं रिकामं नव्हतं... सगळ्यांत पुरस्कार भरले होते.

माझी नात अमृता एका वाचनालयात कामाला लागलीय. पहिलीच नोकरी. जिल्ह्यात आजवर कुणाला कसलं बक्षीस मिळालं त्याची मोठी यादी वाचनालय छापणार आहे, आणि ती लावायचं काम हिच्या गळ्यात. सोमवारी यादी छापायला द्यायची, आणि रविवारी सकाळी ही कॉम्प्युटरवरनं काढलेल्या, एकेका बक्षिसाच्या कागदी पट्ट्यांच्या ढिगात बसून रडायच्या बेतात.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. आत्ताही मी बोलतेय आणि फोन लिहितोय. पण निवडायचं कसं ते मला कुणी शिकवायला नको... जन्मभर शेंगा, मिरच्या, वांगी निवडली. म्हटलं, "रडू नको, भांडी आण."

शेती परातीत. गाणं-नाटक ताटात. खेळ बादलीत. पुस्तकं लिहिणारे निघाले त्यांना कुकरमध्ये बसवलं. 'सुदृढ बालक स्पर्धे'वरनं मात्र आमचं वाजलं. ती म्हणे आरोग्य, मी म्हणे शेती... पोसायला कष्ट तेवढेच लागतात की. शेवटी पोरांना वेगळं पातेलं दिलं.

आणि काय काय निघालं म्हणून सांगू! गुळाच्या ढेपेला बक्षीस. बैलजोडीला. सुंदर हस्ताक्षराला. एका बाईला तर शाळेची घंटा वर्षानुवर्षं वेळेवर दिली म्हणून... मी तोंडाला पदर लावून बघतच बसले. एवढ्या माणसांनी एवढ्या गोष्टी मन लावून केल्या, कुणीतरी ते बघितलं, आणि कुणीतरी लिहूनही ठेवलं? मला वाटायचं, गावाकडच्या माणसाची नोंद फक्त तलाठी ठेवतो... ती पण चुकीची.

एक नाव मात्र डोळ्यांत खुपायला लागलं. शेतीत तेच, नाटकात तेच, खेळात तेच. शेवटी विचारलंच, "अमे, हा विभागून कोण गं? मेल्यानं काही सोडलंच न्हाई. बैल बी त्याचाच आणि गाणं बी त्याचंच."

अमृता हसून हसून पट्ट्यांवर लोळली. मग डोळे पुसत म्हणाली, "आज्जी, माणूस नाही तो. एक बक्षीस दोघांना वाटून दिलं की 'विभागून' लिहितात."

असेल बाई. मी पण हसले.

दुपारी परातीतली एक पट्टी वाचता वाचता ती थांबली. "आज्जी... उत्कृष्ट वांगी, पहिला नंबर. गाव आपलंच. शेवंता... ही तू?"

खोटं कशाला सांगू, आधी वाटलं दुसरी कुणी शेवंता असेल. कुरुंदवाडजवळ नदीकाठाला आमचा मळा. तिथली वांगी एका वर्षी प्रदर्शनात ठेवली होती खरी... स्टेजवरनं नाव पुकारलं तेव्हा पायात चप्पल सुद्धा नव्हती. आणि ते कागदावर आलं? बोट ठेवून, एकेक अक्षर लावून मी ती पट्टी तीनदा वाचली.

नावाच्या पुढं बोट सरकलं... विभागून.

"अमे, मग जैनबी कुठाय?"

जैनबी म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेली. मैत्रीण वगैरे नाही हं. पाटाच्या पाण्यावरनं आम्ही एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरल्यात. पण वांगी तिचीही तसलीच देखणी होती, परीक्षकांना निवडता येईना. मग दोघींत मिळून एक तांब्याचा हंडा दिला. तिथल्या तिथं ठरलं... सहा महिने तिच्याकडं, सहा महिने माझ्याकडं.

अमृताचं हसू गेलं. लॅपटॉप उघडला. तेच बक्षीस, तेच वर्ष दोनदा दिसलं म्हणून कॉम्प्युटरला वाटलेलं, नोंद चुकून डबल झाली... दुसरं नाव त्यानं पुसून टाकलं होतं. सगळ्याच विभागूनवाल्यांचं. एकजण यादीत, दुसरा गायब. आणि उद्या छपाई.

माझ्या मनात आलं, राहू दे की. पहिला नंबर, एकटी शेवंता. जैनबी कुठं वाचायला येणार आहे? तिला तर माझ्याइतकंही वाचता येत नाही.

पण तेवढ्यात हंडा आठवला... माझ्याच बाथरूममध्ये होता तो. म्हटलं, "काढ त्या जुन्या वह्या."

वाचनालयाच्या मूळ वह्या तिनं घरी आणल्या होत्या. मी 'विभागून' हुडकायचं, तो शब्द आता मला लांबनं ओळखू येत होता, आणि तिनं शेजारचं नाव टाइप करायचं. भाऊ-भाऊ निघाले, सासू-सून निघाल्या, गुरुजी आणि त्यांचाच विद्यार्थी निघाला. दारात ताटकळलेला पावणा आत घ्यावा तसं वाटायचं प्रत्येक नावाला. दिवेलागणीपर्यंत एकेकाला आत घेतलं...

सगळ्यात शेवटी जैनबी. अमृतानं तिचं नाव माझ्या वर टाकलं.

"वर कशाला?"

"अकारविल्हे, आज्जी. ज आधी, श नंतर."

गिळलं.

मग जैनबीला फोन लावला. यादी, पट्टी, पुस्तकात नाव येणार, तेही माझ्या वर... सगळं सांगितलं. म्हटलं, म्हातारी आता रडते की काय.

"शेवंते," ती म्हणाली, "हंडा तुझ्याकडंच हाय न्हवं? तू कोल्हापूरला गेल्याला किती वरसं झाली?"

"बारा."

"मग माझं सहा म्हयनं कुठं गेलं?"

काल चिंच लावून हंडा लखलखीत घासला. येत्या रविवारी अमृता एसटीनं नेऊन देणार आहे.

यादीत 'विभागून' हा एक बारका शब्द आहे फक्त... आम्ही दोघींनी तो हंड्यात भरून डोक्यावर वाहिलाय. मी विसरले होते, कागद विसरला नव्हता. त्या कागदाचे उपकार, आणि जैनबीचेही... पण हे तिला कुणी सांगू नका.