लंकेहून आलेलं बुबुळ

आमच्या नेकनूरात वत्सलाबाईंना सगळे मावशीच म्हणतात. मीही म्हणते, आमची भिंतीला भिंत. एक डोळा त्यांचा लहानपणी देवीत गेलेला. दुसऱ्याला ऊस तोडताना पातं लागलं आणि त्यात फूल पडलं. तरी बाई गप्प बसेल तर शपथ! चाचपडत ज्वारी निवडायच्या आणि घरादाराच्या भाकरीत कचकच.

इकडे बुबुळासाठी नंबर लागता लागेना. शेवटी श्रीलंकेतल्या कुणा मेलेल्या माणसाचं दान केलेलं बुबुळ विमानानं शहरातल्या दवाखान्यात आलं आणि मावशींना बसवलं. पट्टी निघाली तेव्हा समोर मी होते. "मंजुषे, तुझे केस कावून पिकले गं?" म्हणाल्या. मी हसले आणि रडलेही.

गावानं चेष्टा सोडली नाही. पारावरून शहादेव ओरडला, "मावशे, जपून! लंकेतल्या राक्षसाचा डोळा हाय त्यो."

"राक्षस असता तर दिला असता का रे मुडद्या?"

पण देणाऱ्याचं नाव कळेना, घर कळेना, याचा त्यांना घोर लागला. उपकार फेडायचे कुणाचे? नवरात्र आलं तेव्हा त्यांनी त्या अनोळखी जिवासाठी नऊ दिवसांचा उपास धरला. दूध-पाण्याशिवाय घशाखाली काही जाऊ द्यायचं नाही. आता डोळ्यात घालायचं औषध कडू. थेंब पडला की चव घशात उतरते. म्हणजे उपास मोडला! त्यांनी बाटली गुपचूप देवघरात ठेवून दिली. औषधाला उपास नसतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण विचारलं कुणाला?

घट उठले तोवर डोळा लाल झाला होता, दिसणं धुरकटलं होतं. मी त्यांना घेऊन दवाखान्यात पळाले. पुन्हा औषधं झाली, इंजेक्शनं झाली, उजेड काही परतला नाही. शरीरानं परकं बुबुळ नाकारलं होतं. तसं होऊ नये म्हणूनच तर ते थेंब होते. "पुन्हा नंबर लावू," डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तर भयंकर राग आला होता. पण उपाशी राहून दुसऱ्याचं भलं मागणाऱ्या बाईवर तो काढायचा कसा?

मावशींनी चाचपडत डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"बाई, एवढं करा. तिकडं कळवू नका. तुमच्या मानसाचं आमाला सांबाळता आलं न्हाई, हे त्यांना कळू देऊ नका."