बाबांच्या झडतीत माझी बारी

मी घर सोडलं तो पोळ्याचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी पांढुर्ण्याला जाऊन गाडी पकडणं आमच्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नाही. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव आणि मधून उडणारे गोटे. दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीला सगळे रस्ते बंद. म्हणून बाबांनी मला लुनावर मागे बसवलं, ट्रंक माझ्या मांडीवर दिली आणि आम्ही संत्र्याच्या बागांमधून तिगाव स्टेशनाकडे निघालो. मायनं आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या फडक्यात बांधून दिल्या होत्या. तिला निरोप नीट देता आला नाही, कारण ट्रंकेमुळे मला मान वळवता येत नव्हती.

तिगावच्या फलाटावर आम्ही दोघंच. एक लहान मुलगी पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल दोरीनं ओढत इकडून तिकडे फिरत होती, आणि त्याच्या चाकांचा कर्रकर्र आवाज येत होता. बाबा बराच वेळ आमच्या ढवळ्याच्या खुराबद्दल बोलले. खूर दुखावला आहे, दवा लावली पाहिजे, वगैरे. मुलगा पुण्याला नाटकात काम करायला निघाला आहे, हा विषय त्यांनी काढलाच नाही. गाडी दिसली तेव्हा मात्र म्हणाले, "लोकायले हासवाच्या आधी आपल्या घरावर हासत जाय. मंग कोनाले राग येत नाही."

हे वाक्य समजायचं तर झडती म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडचे वाचक हसतील, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक असेलच असं नाही. पोळ्याला गावातले सगळे बैल सजून तोरणाखाली उभे राहतात. मग कुणीतरी पुढे होतो आणि दोन-तीन ओळींची यमक जुळवलेली फिरकी घेतो. कधी सरपंचाची, कधी सावकाराची, कधी शेजाऱ्याची. शेवटची ओळ म्हणून त्यानं हात वर केला की सगळं गाव एका सुरात "हर हर महादेव" म्हणतं. ही झडती. ज्याच्यावर झडती झाली त्यानं चिडायचं नाही. जमलं तर तिथेच, नाही तर पुढच्या पोळ्याला झडतीनंच जबाब द्यायचा.

आमच्या गावात झडती म्हणजे बाबा. एरवी दिवसभरात मोजकं बोलणारा हा माणूस त्या दिवशी वेगळाच व्हायचा. त्यांचा एक नियम होता. पहिली झडती आपल्या घरावर. घरचं कुणीतरी आधी गावासमोर धुऊन काढायचं आणि मगच दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं. एका वर्षी मायचा नंबर लागला:

"वांग्याच्या भाजीत पानीच पानी,
वांगं कुठं गेलं, सांग वो रानी!"

त्यानंतर कितीतरी दिवस मायनं बाबांच्या ताटात रश्शाचा थेंबही पडू दिला नाही. नुसती वांगी वाढली. एकदा ढवळ्याची बारी आली, की औत पाहिलं की हा बैल बिमार पडतो. मी शाळेत असताना माझी आली:

"आमचं पोट्टं शायेत जाते,
गुरुजीले पाहून घरी येते!"

गुरुजी तिथेच उभे होते. ते सगळ्यांत जोरात हसले. मी लाजून ढवळ्याच्या झुलीमागे लपलो, पण आतून असा काही फुललो होतो की विचारू नका. गावासमोर आपलं नाव निघालं, म्हणजे आपण त्या घरातले आहोत हे शिक्कामोर्तब झालं असं मला वाटलं. अजूनही तसंच वाटतं.

पुण्यात मला पहिला धक्का भाषेनं दिला. आमचं गाव भोपाळच्या राज्यात, म्हणून आम्ही शिकलो हिंदीतून, घरी बोललो मराठी. भोपाळकडचे लोक आम्हाला मराठी म्हणतात आणि पुण्यातल्या लोकांना मी हिंदीवाला वाटायचो. कुणी विचारलं, काय करतोस, तर मी सरळ सांगायचो, "जेवण करून राहिलो," आणि समोरचा हसायचा. मी विनोद केलेलाच नसायचा. तोंड उघडलं की लोक हसतात, ही सोय बऱ्याच नटांच्या नशिबी नसते, आणि मला ती नको होती.

पहिल्या नाटकात मला छोटंसं काम मिळालं. गावाहून आलेला पाहुणा. वाक्यं सहा-सात असतील. पहिलं वाक्य नीट म्हटलं आणि झडतीतल्या बाबांसारखा माझा हात वर गेला. मी थांबलो. कशासाठी थांबलो? तर लोक "हर हर महादेव" म्हणतील म्हणून! समोर पुण्याचं सुसंस्कृत प्रेक्षागृह, कुणी हूं की चूं करेना. मी हात वर करून उभा. बरोबरची नटी माझ्याकडे बघते आहे. तेवढ्यात मागून एक बाई फिसकन हसली, मग तिची रांग आणि मग सगळं थिएटर. दिग्दर्शक आत वाट पाहतच होते. मला वाटलं आता ट्रंक उचलावी लागणार. ते म्हणाले, हा थांबा रोज घ्यायचा, सेकंदभरही कमी करायचा नाही.

पुढे तोच थांबा माझी ओळख झाला. टीव्हीवर आलो, विनोदी कार्यक्रमांत स्थिरावलो. मी वॉचमन झालो, खाष्ट सासू झालो, भोंदू बाबा, विसराळू डॉक्टर, स्वतःच्याच तेराव्याचं जेवायला आलेलं भूतसुद्धा झालो. नऊवारी नेसून मी जितका वावरलो आहे तितकी माझी बायको वावरलेली नाही. मुलाखतींत विचारतात, हे टायमिंग कुठे शिकलात? मी काहीतरी मोठं बोलून वेळ मारून नेतो. खरं उत्तर असं, की मी आजही गावाच्या आवाजाची वाट बघत थांबतो. तो येत नाही. त्याऐवजी हसू येतं, आणि त्यावर माझं घर चालतं.

शूटिंग नेमकं पोळ्याच्या सुमारास जोरात असतं, गणपतीचे खास भाग करायचे असतात. त्यामुळे जाणं व्हायचं नाही. गोरेगावच्या स्टुडिओत आमचं एक खोटं गाव आहे. त्यात खोटी विहीर, खोटा पार आणि भुश्यानं भरलेला बैल. दुपारी दिवे बंद झाले की मी त्या पारावर आडवा होतो. डोळा लागतो न लागतो तोच संत्र्याच्या फुलांचा वास येतो, कुठून ते देव जाणे. लांबून घुंगरांच्या माळा वाजत येतात, तोरणाच्या आंब्याच्या पानांतून ऊन पडतं आणि बाबा हात वर करतात. ते काय म्हणाले ते काही केल्या ऐकू यायचं नाही. तेवढ्यात असिस्टंट हाक मारतो आणि भुश्याचा बैल तसाच माझ्याकडे बघत असतो.

दर पोळ्याला मी मायला फोन करायचो. पहिला प्रश्न ठरलेला, यंदा घरात कुणावर? ती सांगायची. बहिणीचं लग्न होऊन ती लोधीखेड्याला गेली, तर त्या वर्षी तिच्यावर झाली:

"लेक आमची सासरी गेली,
फोनमधून घरीच ऱ्हायली!"

मग नव्या मोटारपंपावर झाली. कूलरवर झाली. ढवळ्या गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या गोऱ्ह्यावर झाली. सासरी दिलेल्या लेकीची बारी येते, पाणी न फेकणाऱ्या कूलरची येते, माझी मात्र मी गेल्यापासून एकदाही आली नव्हती. आधी वाटलं, राहून गेलं असेल. पण बाबांकडून झडतीत काही राहून जात नाही. हळूहळू ते कुसळासारखं सलायला लागलं. बक्षिसं मिळाली, लोक रस्त्यात थांबवून फोटो काढायला लागले, आणि मी पोळ्याच्या संध्याकाळी फोन कानाला लावून विचारायचो, यंदा कुणावर?

एकदा न राहवून मायला विचारलंच, की माझ्यावर का होत नाही. ती म्हणाली, "तुह्यावर सारेच हासते ना आता. बाबा म्हनते, आता मी कायले हासू?"

त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. बाबांनी मला लोकांना देऊन टाकलं होतं. लेक देतात तसं नाही, लेक तरी झडतीत राहते.

गेल्या पोळ्याला मी हट्टानं सुट्टी घेतली. निर्मात्यानं तोंड वाकडं केलं, ते मी बघितलं नाही. घरी पोहोचलो तर बाबा नीट ओळखू येईनात. मधल्या आजारानं ते निम्मे झाले होते, आवाज तर पार बारीक. तरी त्यांनी आधी गोऱ्ह्याची शिंगं रंगवलेली दाखवली, मग माझ्या प्रवासाची चौकशी केली. माय म्हणाली, दोन पोळे झाले, बाबा झडती म्हणत नाहीत, फोनवर मी आपलं काहीबाही सांगितलं. आवाज मागपर्यंत पोहोचत नाही, आणि मागच्याला ऐकू आलं नाही तर ती कसली झडती, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी तोरणाखाली गेलो. बैल पहिल्याइतके राहिलेले नाहीत. रांगेत दोन ट्रॅक्टर होते, त्यांनाही बाशिंग बांधून झूल घातलेली. बाबांना लिंबाखाली खुर्ची दिली. मला पाहून गर्दी झाली, पोरांनी मोबाईल काढले आणि लोक म्हणायला लागले, एक झडती होऊन जाऊ द्या. कुणी म्हणालं, ते भुताचं करून दाखवा. मी पुढे झालो. पहिली आपल्या घरावर, हा नियम. मी बाबांकडे पाहिलं. गावात आजवर सगळ्यांवर झडती झाली होती, पण घरच्या कुणी बाबांवर केली नव्हती. मी म्हटलं:

"ढवळ्याची झाली, मोटारीची झाली,
कूलर बिचारा, त्याचीबी झाली,
बाबा, माही बारी कावून नाही आली?"

आणि हात वर केला.

कुणीच महादेव म्हणालं नाही. तोच थांबा, पुण्याच्या पहिल्या प्रयोगातला. पण यावेळी कुणी हसलंही नाही. सगळं गाव माझ्याकडून बाबांकडे वळलं. बैलांच्या माळा तेवढ्या किणकिणत होत्या. मला वाटलं, चुकलं. घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली. बाबा खाली बघत होते. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर भार दिला आणि उठले. शेजारच्यानं हात धरायला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. लोक न सांगता दोन पावलं जवळ सरकले, अगदी मागचेसुद्धा. आणि त्या बारीक आवाजात बाबा म्हणाले:

"पोट्टं आमचं टीव्हीत दिसते,
साऱ्या गावाच्या घरात बसते,
आपल्याच घरी तेवढं नसते!"

त्यांचा हात वर गेला आणि गावानं असा काही महादेव केला की गोऱ्हं दावं तोडायला निघालं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोरं उड्या मारत होती. मीही हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ते कुणी शूट केलं असेल तर असो, मला पर्वा नाही. एवढी वर्षं लोक माझ्यावर हसले. त्या दिवशी माझं घर मला हसलं.

बाबा खाली बसले. त्यांना धाप लागली होती. मी जवळ गेलो तर म्हणाले, "जबाब दे."

मला सुचेना. हजरजबाबी म्हणून ज्याची जाहिरात होते त्या नटाला! कारण ओळ खरी होती, आणि खऱ्या ओळीवर लगेच यमक जुळत नाही. लोक वाट बघून पुढच्या झडतीकडे वळले. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढच्या पोयाले दे."

तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, तुम्हाला लोक विचारत असतील, घर कुठलं? मी पूर्वी पत्ता सांगायचो, आधी पांढुर्ण्याचा, मग मुंबईचा, आणि दोन्ही सांगताना थोडं खोटं बोलल्यासारखं वाटायचं. आता म्हणतो, जिथे माझ्यावर झडती होते ते. आणि तुम्ही जे तिथेच राहिलात, तुम्हाला एकच सांगणं आहे. गेलेल्यांचं कौतुक करू नका. त्यांच्यावर झडती करा. कौतुक परक्याचंही करता येतं.

आता दुपारी दिवे बंद झाले की मी त्या खोट्या पारावर आडवा होतो आणि यमकं जुळवत बसतो. "दिसते"ला बरीच जुळतात, पण एकही त्या "नसते"ला पुरून उरत नाही. स्वप्नात बाबांचा हात वर जातो तेव्हा ते काय म्हणतात, ते आता मला ऐकू येतं. रोज संध्याकाळी मी फोन करतो. मायच्या आवाजामागून त्यांचा बारीक आवाज येतो, "सुचलं का त्याले?"

मी सांगतो, अजून नाही. आणि बाबा हसतात.