डब्यातलं हळदीकुंकू

अजून आठवलं की राग येतो. भीती नाही वाटत. भीती तर मला एरवी कशाचीही वाटते.

वाशिमकडून मी हुबळीला आले ती तारिहाळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या करायला. शाळा आठवीतच सुटलेली. इथं जीव रमला तो एका अक्कांमुळे. निवृत्त शिक्षिका. दर रविवारी धारवाडजवळच्या माळावर फुलं-फुलपाखरं दाखवायला माणसं नेतात. माझं शिक्षण त्यांनी कधी विचारलं नाही. टाकळा, कुर्डू, तेरडा ही रानरोपांची नावं मला घरचीच. कुठलं फुलपाखरू कुठल्या झाडावर अंडी घालतं, ते त्यांनी शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

गाडी मात्र दुर्गदबैल बाजारातल्या एका कापडवाल्या काकांची. जुन्या हुबळीतून मलाही घ्यायचे, फुकट. त्यांच्या फोटोंचं सगळ्यांना कोण कौतुक! एकदा त्यांनी ग्रुपवर हळदीकुंकू टाकलं. पिवळ्या-लाल पंखांचं हे फुलपाखरू एरवी झाडांच्या शेंड्यांशी उडतं, फोटोत ते गुडघाभर कुर्डूवर निवांत बसलेलं. खाली काकांनी लिहिलं होतं, "नशीब लागतं."

पुढच्या रविवारी उप्पीट खायला बोलवायला मी त्यांच्यामागे गेले. काका उकिडवे बसलेले. शेजारी बर्फाच्या पिशवीत प्लॅस्टिकचा डबा. त्यात तीन हळदीकुंकू, पंख मिटून ताठ. एकेक उचलून ते कुर्डूवर ठेवत होते.

"काका, हे काय?"

"हळू बोल की! फ्रिजमध्ये ठेवली की हलत नाहीत. ऊन लागलं की उडतात परत."

"आणि नाही उडाली तर?"

"तर काय, सुतक पाळू? तू भाकऱ्या बघ बाई. शाळा कुठवर झाली तुझी?"

बोलले तर माझा रविवार संपला, हे तिथंच कळत होतं. तरी मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. सगळे बघत असतानाच उन्हाने दोन हलली, उडाली. तिसरं कुर्डूवरून खाली पडलं, कुशीवर. त्याला मुंग्या लागल्या तरी हललं नाही.

"सुम्निरु," अक्का म्हणाल्या. गप्प राहा, आणि ते मला! "मोठे आहेत ते. नंतर बघू."

पंखाला बोटसुद्धा लावू नका म्हणून आम्हाला दटावणारी बाई ही. मी उप्पिटाचा डबा तिथंच ठेवला आणि बसने परत आले. 

बुधवारी भाकऱ्या थापताना अक्कांचा फोन आला.

"काकांची माफी माग ग. मग गाडी थांबेल तुझ्यासाठी. माझेही गुडघे गेलेत, गाडीशिवाय मी तरी कशी जाऊ माळावर?"

"अक्का, तुमच्या पाया पडेन मी. रोज पडेन. पण त्यांची माफी मागणार नाही."

 त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तव्यावरची भाकरी करपून धूर व्हायला लागला, तरी.