विमलबाई पळायला लागल्या

बिदरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये विमलबाईंची बारा वर्षं बसून गेली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. पस्तिशी ओलांडली आणि जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालणं बाईंना रटाळ वाटे, म्हणून कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून त्या सरळ पळायलाच लागल्या. ही १९८४ची गोष्ट.

नौबादच्या रस्त्यावर बाई पळायलीय म्हणजे घरात काही अघटित घडलं, असंच लोक समजत. सायकलवाले थांबत. "काय झालं बाई? दवाखान्यात सोडू का?" बाई हसून हात हलवत आणि पुढं जात. दोन महिन्यांत धाप गेली, झोप गाढ लागू लागली. बोर्डावर बसल्या बसल्या त्या गुणगुणायच्या.

कॉलेजचे खेळाचे मास्तर लिंगराज त्याच रस्त्यानं पळत. एके दिवशी ते म्हणाले, "जानेवारीत हैदराबादला मॅरेथॉन हाय. बेचाळीस किलोमीटर. तुमच्यानं हुतंय, बाई." कुठल्या आठवड्यात किती पळायचं, हे त्यांनी एका कागदावर आखून दिलं. बाईंचे यजमान माणिकराव शाळामास्तर. त्यांनी तो कागद कौतुकानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

नोव्हेंबरच्या एका रविवारी बाई पळत थेट दहा-बारा किलोमीटरवरच्या जनवाड्याला पोचल्या. तिथं त्यांचं माहेर. आई कोंडाबाई अंगण झाडत होती. घामानं निथळणारी लेक धावत येताना दिसली, तशी तिनं झाडू टाकला आणि छाती बडवून गळा काढला. "अगं माय गं! कोण गेलं गं?"

"कुणीबी गेलं न्हाई, आई. सहज आले."

"सहज? मग पळत कामून आलीस? मोटार बंद हाय व्हय?"

सगळी गल्ली जमली. हसू आवरल्यावर कोंडाबाईनं लेकीच्या पायांवर ऊन पाणी घातलं आणि पोटऱ्या चोळून दिल्या. लग्नानंतर आईचा हात असा पायांवरून फिरला नव्हता. बाई डोळे मिटून बसून राहिल्या.

पण कागदावरचे आकडे वाढत गेले. रविवार पळण्यात जाई आणि दुपार पडून राहण्यात. चूल माणिकरावांकडे आली. बोर्डावर डुलकी लागू लागली. बाई लोकांवर खेकसू लागल्या, मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटे. उजवी नडगी ठणकत होती. ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. डिसेंबरात हळ्ळीखेडच्या रस्त्यावर पाय टेकवेना, तेव्हा एका ट्रकवाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं. हाडाला बारीक चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर.

शर्यतीच्या सकाळी त्या खाटेवर पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. माणिकरावांनी चहा आणून दिला. "लई वाईट वाटायलंय का?"

"वाटतंय की. पर खरं सांगू का? आज पळायचं न्हाई म्हणून बरंबी वाटायलंय."

पाय बरा झाल्यावर लिंगराज मास्तर नवा कागद घेऊन आले. "यंदा हळूहळू वाढवू. पुढच्या वर्षी नक्की."

बाईंनी कागद नीट वाचला आणि मधोमध फाडला. वरचा, पहिल्या दोन महिन्यांचा तुकडा स्वतःकडं ठेवला, खालचा मास्तरांना परत दिला. "सर, ज्याला हौस हाय त्यानं खुशाल बेचाळीस पळावं. मला एवढंच पुरं हाय. गेल्या खेपेला ह्या दोन महिन्यांत मी लई सुखात होते."

"पर एवढी मेहनत वाया गेली की, बाई!"

"वाया कशी? जनवाड्यापातूर पोचले न्हाई का?"

मास्तरांना हे फारसं पटलं नाही. ते हैदराबादला पळाले, पुढंही पळत राहिले. बाईही पळत राहिल्या, पण आठवड्यातून तीनदाच, बोलता येईल इतक्या बेतानं. दुसऱ्या वर्षी एक्सचेंजमधली यल्लम्मा त्यांच्यासोबत येऊ लागली. पहिल्या दिवशी ती रस्त्यातल्या मोरीपर्यंतच आली आणि कठड्यावर मटकन बसली. बाई तिच्या शेजारी टेकल्या. दोघींनी तिथं बसून तासभर गप्पा मारल्या आणि मग रमतगमत चालत घरी आल्या.