मुळगावच्या शेताची चौकट

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी पेडण्याहून डिचोलीला, एका खाणीच्या कचेरीत नोकरीला लागले. खाणीचे आणि आसपासच्या शेतांचे नकाशे कॉम्प्युटरवर उमटवणारा प्रोग्राम मी लिहीत होते. नकाशा उमटायचा, पण तोवर चहा पिऊन व्हायचा.

"शनिवारपर्यंत वेग आला नाही तर यंत्र परत जाईल," साहेब म्हणाले.

शेजारच्या टेबलावर सावंतवाडीकडचे म्हातारे सर्व्हेअर बसत. त्यांना मी काका म्हणायची. त्यांना शिरगावच्या हद्दीचा नकाशा हवा होता. त्यांनी कागदी नकाशांच्या गुंडाळ्यांवर बाहेरून लिहिलेल्या हद्दी वाचल्या, पाच-सहा बाजूला सारल्या आणि एकच उघडली.

"बाकीच्या बघितल्या नाहीत?" मी विचारलं.

"जा होया नाय, ता कित्याक उघडूचा, बाय?"

माझा प्रोग्राम सगळंच उघडत होता. पडद्याबाहेरच्या शेतांचेही सगळे कोपरे मोजत होता. मी प्रत्येक शेताभोवती एक चौकट कल्पिली, तिच्या चार कडा एकदाच काढून ठेवल्या. पडद्याला ती चौकट शिवत नसेल तर शेत वगळायचं. चार तुलनांत निकाल. शिवाय दशांशाचे आकडे त्या यंत्राला जड जात, म्हणून मापं दहा-दहा सेंटीमीटरच्या पूर्णांकात घेतली.

नकाशा झरकन आला. काका वाकून म्हणाले, "मुळगावची शेतां थंय नाय."

खरंच होतं. मी निवडलेल्या पूर्णांकात बत्तीस हजारांच्या थोडं पलीकडचा आकडा मावत नव्हता, आणि मुळगावची मापं त्याच्याही पुढे जात होती. तो उलटून उणे होई आणि शेत भलतीकडे जाऊन पडे. मोठ्या आकाराचे पूर्णांक घेतले, तेव्हा शेतं जागेवर आली.

शनिवारी मुळगावची एक शेतकरीण तक्रार घेऊन आली. खाणीची खोदाई तिच्या बांधाच्या आत आली आहे, असं तिचं म्हणणं. साहेब माझ्यामागे उभे होते. मी कळ दाबली. बोट उचलेपर्यंत तिचं शेत पडद्यावर आलं, आणि खोदाईची रेघ बांध ओलांडून आत गेलेली स्पष्ट दिसली.

"हेंच हांव सांगतालें," ती शांतपणे म्हणाली.

साहेबांनी तिथल्या तिथे खोदाई मागे घ्यायला सांगितलं. यंत्र परत पाठवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

सोमवारी काकांनी आपली खुर्ची ओढून माझ्या शेजारी लावली. चष्मा पुसत म्हणाले, "आता माका शिकव."