परवानगी घेणारा माणूस

मिलिंद गेल्याचा मेसेज मिलिंदच्याच फोनवरून आला. 'मिलिंद गेले. लगेच या.' मी मुलुंडला बाजारात भाजी घेत होते. वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की कुणीतरी त्याचा फोन हॅक केलाय. धक्का नाही, दुःख नाही, आधी संशय. आणि याला जबाबदार तोच. ओळखीच्या नंबरवरून घाईचा मेसेज आला की तो ओळखीच्या माणसाचा नाही असंच धरून चालायचं, हे त्याने इतकी वर्षं माझ्या डोक्यात भरवलं होतं. अशा वेळी विचारायला आम्ही एक प्रश्नसुद्धा ठरवून ठेवला होता. मी फोन लावला. पलीकडून त्याच्या बायकोचा, सुजाताचा आवाज आला, रडून बसलेला. पण हल्ली आवाजाचीही नक्कल करता येते, हेही त्यानेच सांगितलेलं. म्हणून मी विचारलंच, "पहिलं रेकॉर्डिंग कुठे केलं होतं आम्ही?" ती म्हणाली, "कपाटात, वर्षाताई. आमच्या कपाटात." तेव्हा मला कळलं की तो खरंच गेला. सकाळी चहा पिताना छातीत दुखलं आणि रिक्षातून हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या बाईला अशा वेळी मी परीक्षा द्यायला लावली, याची मला लाज वाटते. मिलिंदला मात्र नसती वाटली. उलट त्याने पाठ थोपटली असती.

अंधेरीच्या एका विमा कंपनीत आम्ही एकत्र कामाला होतो. मी पॉलिसी विभागात, तो दावे तपासणारा. संशय घेणं हीच त्याची नोकरी, आणि ती तो घरी जातानाही सोबत नेत असे. एकदा एका गृहस्थाची गाडी जळाली म्हणून दावा आला. कागदपत्रं चोख, फोटो चोख. मिलिंदने जळक्या डॅशबोर्डचा फोटो बराच वेळ पाहिला आणि शेजारी त्याच गाडीचा जुना फोटो ठेवला. जुन्या फोटोत डॅशबोर्डवर पितळेची गणपतीची मूर्ती होती. जळक्या फोटोत मूर्ती नव्हती, वितळलेली खूणही नव्हती. "गाडी पेटली की माणूस आधी स्वतः उडी मारतो गं," तो म्हणाला, "देव काढून ठेवायला वेळ मिळाला याचा अर्थ काडी कुणी लावली ते कळलं." असा माणूस. हॉटेलात बिल आलं की तो आधी वेटरचा चेहरा वाचायचा. फेरीवाल्याने एक चिकू जास्त टाकला तर तो तराजूकडे वळून बघायचा. घरी सुजाता म्हणायची की यांनी लग्नाआधी माझीसुद्धा तीन ठिकाणी चौकशी केली होती, आणि तो हसायचा, नाकारायचा नाही.

पॉडकास्टची कल्पना माझी. आपल्या उपनगरांत राहणारी, काम करणारी माणसं, त्यांच्याशी तासभर गप्पा. नाव ठेवलं 'पुलाच्या अलीकडे'. जाहिरात नाही, कंपनी नाही, दोन माइक आणि त्याचा जुना लॅपटॉप. वाकोल्याला त्याच्या घरी शांतता म्हणून काही नव्हतं. खाली गॅरेज, वर विमानं. शेवटी त्याने बेडरूममधलं भिंतीतलं मोठं कपाट उघडलं, खालचे दोन खण काढले, आणि हँगरला लटकलेल्या शर्टांच्या नि साड्यांच्या मध्ये आम्ही दोन स्टुलांवर बसलो. पाठीमागे गोधडी. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, हे त्याला कुठून कळलं देव जाणे. विमान आलं की तो हात वर करायचा आणि आम्ही गप्प... आवाज पार विरेपर्यंत. डांबरगोळ्यांच्या वासात मी आयुष्यातलं सगळ्यात मोकळं बोलणं केलं आहे.

सुरुवातीला आणि शेवटी वाजवायला संगीत हवं होतं. मी म्हटलं, इंटरनेटवर मोकळ्या परवान्याचं संगीत मिळतं, पैसे लागत नाहीत. झालं. 'पैसे लागत नाहीत' हे तीन शब्द त्याच्यासमोर उच्चारणं म्हणजे आ बैल मुझे मार. फुकट कोण देतं? कशासाठी देतं? उद्या उलटला तर? एवढी मेहनत करून धून बांधायची आणि अनोळखी लोकांना वाटून टाकायची, हा माणूस एकतर वेडा किंवा बनेल, असं त्याचं मत होतं. टोमास नावाच्या कुणा परदेशी माणसाने वाजवलेली मँडोलिनची एक छोटी धून मला आवडली होती. ती घ्यायची परवानगी मिलिंदने मला द्यायला कित्येक आठवडे लावले. त्याने तो परवाना ओळ न् ओळ वाचला. वापरा, कापा, जोडा, वाटेल ते करा, फक्त माझं नाव घ्या आणि काय बदल केला ते सांगा, इतकीच अट. आणि एकदा दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. हे शेवटचं त्याने ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. "म्हणजे याचं मन उद्या फिरलं तरी आपल्याला कोणी हात लावू शकत नाही?" त्याने दोनदा विचारलं. त्याच्या तपासणीच्या आयुष्यात त्याला न उलटणारी गोष्ट पहिल्यांदाच भेटली होती बहुतेक.

तरीही विश्वास असा नाहीच. रेकॉर्डिंगआधी लोक माइक तपासायला 'हॅलो, वन टू थ्री' म्हणतात. मिलिंद तो परवाना वाचायचा. प्रत्येक वेळी. "संगीत टोमास यांचं. मोकळ्या परवान्याखाली. आम्ही ते थोडं कापलं आहे." मग तारीख. मग त्या पानाची जी प्रत त्याने इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक संग्रहात जतन करून ठेवली होती तिचा पत्ता, अक्षर न् अक्षर, तिरप्या रेघेसकट. मग माझ्याकडे वळून, "वर्षा, रेकॉर्ड करू ना?" आणि मी, "कर रे बाबा." सुरुवातीला मजा वाटली. मग वैताग यायला लागला. नंतर नंतर मला वेगळाच किडा चावला. हा माणूस रेकॉर्डिंग कधी बंदच करत नाही. गप्पांआधीचं, मधलं, चहाचं, सगळं त्याच्या डिस्कवर जातं. माझ्या तोंडून 'हो' वदवून घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. हा माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करतोय की काय? संशयी माणसाजवळ दहा वर्षं बसलं की असं होतं. मी त्याला तोंडावर विचारलं, तर तो म्हणाला, "पुरावा कायम कुणाच्या तरी विरुद्धच असतो असं कुणी सांगितलं तुला?" मला ते उत्तर टोलवल्यासारखं वाटलं.

त्याला त्याच्या तोडीचं माणूस भेटलं ते खारदांड्याला. मासळी विकणाऱ्या एका मावशींना आम्हाला बोलतं करायचं होतं. मिलिंदने माइक काढला, परवानगी विचारली, आणि मावशींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हा पालिकेचा की बिल्डरचा, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. त्याने ओळखपत्र दाखवलं, तर त्यांना ते जास्तच खोटं वाटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "पयलं तुजं नाव सांग त्या मशीनला. मंग माजं विचार." मिलिंद इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने माइकवर स्वतःचं नाव, बापाचं नाव, वाकोल्याचा पत्ता, वडील वाशीमकडून आले ते गाव, सगळं सांगितलं. मावशींनी मान डोलावली आणि अट घातली की ऐकवल्याशिवाय लावायचं नाही. त्यांचं बोलणं रेकॉर्ड झालं. तो भाग जोडून व्हायच्या आतच मिलिंद गेला.

मिलिंदसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला काही दिवस उरले असताना ती नोटीस आली. आमच्या एका भागातलं संगीत दुसऱ्या कुणाच्या मालकीचं आहे, असं आमचे भाग जिथे लावलेले असतात तिथून कळवलं होतं. मग दुसऱ्या भागाबद्दल, मग सगळ्यांबद्दलच. मुदतीत पुरावा दिला नाही तर भाग काढून टाकणार. म्हणजे मिलिंदचा आवाज जाणार. मी टोमासचं पान शोधायला गेले, तर ते पानच नव्हतं. धून नाही, परवाना नाही, माणूस नाही. कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, लोक खिरीच्या वाट्या घेऊन बसले, आणि सुजाताच्या भावाच्या कानावर हे गेलं. तो वाईट माणूस नाही. तो सहज म्हणाला, "भावजींनी कुठूनतरी डाउनलोड केलं असेल. सगळेच करतात यार, त्यात काय." सुजाताने ते ऐकलं. सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. "वर्षाताई, खरं सांगा. ह्यांनी उचललेलं होतं का ते?" मला ताबडतोब 'नाही' म्हणता यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, बघते. दुसऱ्यांच्या खोटेपणावर पगार घेतलेल्या माणसाच्या बायकोला मी 'बघते' म्हणाले. तिने मान खाली घातली, आणि मला कळलं की आपण आज काहीतरी मोडलं आहे.

घरी परतताना मी त्याच्यावरच संशय घेत होते, हे लिहायलाच हवं. इतका कडक माणूस, तर पान नाहीसं कसं होतं? टोमास नावाचा कुणी होता तरी का? की मला गप्प करायला त्याने कुठलीतरी धून आणून तिला नाव चिकटवलं आणि रोज मंत्रासारखं म्हणत राहिला? जास्त वेळा सांगितलेली गोष्ट खोटी असते, हेही मला त्यानेच शिकवलं होतं. त्याच्या शिकवणीतूनच त्याला पकडायला मी निघाले होते. सुजाताकडून त्याची डिस्क मागून आणली, ती या हेतूने.

एका रविवारी दुपारी हेडफोन लावून बसले. पहिली फाइल उघडली. स्टुलाचा आवाज, खाकरणं, आणि मग... "संगीत टोमास यांचं. मोकळ्या परवान्याखाली." तारीख. पत्ता. मी थांबवलं, रडले, पुन्हा लावलं. या वेळी तो सांगेल तसं अक्षर न् अक्षर टाइप करत गेले. दोनदा चुकलं. तो नेहमीच्या सावकाश आवाजात 'तिरपी रेघ' म्हणत होता आणि मी त्याला 'जरा थांब रे' म्हणत होते. शेवटी पान उघडलं. त्या दिवशी होतं तसं, जसंच्या तसं. धुनेचं नाव, टोमासचं नाव, परवाना, तारीख. मग पुढचा उलगडा अवघड नव्हता. नंतर कुणा गायकाने तीच मोकळी धून खाली ठेवून वर आपलं गाणं म्हटलं होतं आणि सगळंच्या सगळं आपल्या नावावर नोंदवलं होतं. त्यामुळे संगीत जुळवून बघणाऱ्या यंत्राला आमची धून चोरीची वाटत होती. मी ते पान आणि तारखा पाठवल्या. काही दिवसांनी दावा मागे घेतल्याचं दोन ओळींत कळलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. सुजाताने मात्र ते रेकॉर्डिंग तिच्या भावाला समोर बसवून ऐकवलं, पत्त्यासकट, शेवटपर्यंत.

माझं काम तिथे संपलं होतं, पण मी ऐकत राहिले. आता संशय नव्हता, सवय सुटत नव्हती. आणि मधल्याच कुठल्यातरी फाइलमध्ये मला माझाच आवाज सापडला. त्याने नेहमीसारखं विचारलंय, 'वर्षा, रेकॉर्ड करू ना?' आणि मी त्या दिवशी चिडवायच्या मूडमध्ये आहे. मी म्हणतेय, "टोमासची परवानगी घेतोस, माझी घेतोस, कपाटातल्या साड्यांचीही घेशील. तुझी कुणी घ्यायची?" वरून विमान जातंय. तो थांबलाय, आवाज विरेपर्यंत. मग म्हणतो, "माझी कशाला? वापरा. नाव घेत जा, म्हणजे झालं." मी हसतेय. मला हे बोलणं अजिबात आठवत नव्हतं.

मावशींचा अर्धवट राहिलेला भाग मी जोडून पूर्ण केला आणि गेल्या आठवड्यात दांड्याला जाऊन आले. मावशींनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं, आणि तो नाव नि पत्ता सांगतो तिथे थांबवून पुन्हा ऐकलं. तो का आला नाही असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, मी खोटं बोलत असेन अशी त्यांना आशा होती. मग फोन परत दिला आणि म्हणाल्या, "लाव."

त्या भागाची शेवटची श्रेयनामावली तेवढी राहिली होती, ती करायला वाकोल्याला गेले. सुजाताने घर आवरलंय, पण कपाटाचे खालचे दोन खण परत बसवलेले नाहीत. त्याचे शर्ट तसेच आहेत. दोन्ही स्टुलंही. मी माझ्या स्टुलावर बसले आणि माइक तपासण्यासाठी सुरुवात केली. संगीत टोमास यांचं, मोकळ्या परवान्याखाली, आम्ही ते थोडं कापलं आहे. इतक्यात विमान आलं. शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत मी हात वर केला, आणि आवाज पार विरेपर्यंत थांबले. मग पुढचं म्हटलं. आवाज मिलिंद यांचा. त्यांच्या परवानगीने. आम्ही त्यात काहीही बदल केलेला नाही.